वर्गातलं वाळीत टाकणं

मधल्या सुट्टीत मुली डबा खायला गोल करून बसतात. एखादी उशिरा आली की दोघी मांड्या आवरतात, गोल सैल होतो, जागा होते. कधी कधी मात्र तो सैल होत नाही. कुणी हाकलत नाही, कुणी काही बोलतही नाही. एक जण थालीपीठ मोडत राहते, दुसरीला नेमकं त्याच वेळी तिसरीच्या कानात काहीतरी सांगायचं असतं. उभी राहिलेली मुलगी दोन-चार सेकंद थांबते, "मला भूकच नाहीये" असं स्वतःशीच म्हणते आणि नळाकडे जाते. व्हरांड्यातून जाणाऱ्या बाईंना यात वावगं काहीच दिसत नाही. मी अठरा वर्षं माध्यमिक शाळेत शिकवते आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मलाही दिसलं नव्हतं.

मुलग्यांची मारामारी लपत नाही. शर्टाचं बटण तुटतं, कोपर सोलवटतं, दोघांना मुख्याध्यापकांसमोर उभं करता येतं. मुलींच्या या प्रकारात पुरावा म्हणावा असं हाती काहीच लागत नाही. "बाई, त्या माझ्याशी बोलत नाहीत" एवढीच तक्रार. त्यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "मग तू बोल ना त्यांच्याशी."

खरं तर या प्रकाराला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे. वाळीत टाकणं. गावकीने किंवा जातपंचायतीने एखाद्या घराशी बोलणं तोडायचं, पाणवठ्यावर बाजूला व्हायचं, लग्नाला बोलवायचं नाही. हा छळच आहे हे महाराष्ट्राने कायद्यानेही मान्य केलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. आठवी 'ब'साठी तो कायदा नाही, आणि तेरा वर्षांच्या पोरीला कुणी आरोपी करावं असंही मला मुळीच म्हणायचं नाही. मला नवल वाटतं ते एवढ्याचंच की, मोठ्या माणसाशी सगळ्यांनी ठरवून बोलणं टाकलं तर तो गुन्हा, आणि वर्गातल्या मुलीशी टाकलं तर "अगं, मुलींचं असंच असतं, उद्या गळ्यात गळे घालतील."

घालतीलही. कट्टी असेल तर घालतीलच. म्हणून आधी कट्टी आणि हा प्रकार वेगळा करायला हवा.

कट्टी उघड असते. "जा, तुझी कट्टी" असं तोंडावर सांगितलं जातं, कारण दोघींना माहीत असतं, रडू दोघींनाही येतं आणि दोन दिवसांत कुणीतरी पेरूची फोड पुढे करून बट्टी करतं. शाळेतल्या छळाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्व्हेयस मूळचे स्वीडनचे, पुढे नॉर्वेत काम केलेले. त्यांनी छळ ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या होत्या. मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची आणि आपण नेमकी तीच विसरतो. इथे ताकद म्हणजे दंडातलं बळ नव्हे. एकीच्या मागे सहा जणी आहेत आणि दुसरीच्या मागे कुणीच नाही, ही ती ताकद.

आता यातला खोट्या मैत्रीचा भाग. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, आठवीत सई आणि रेवा नावाच्या दोन मुली आहेत. रेवा वर्गात वजन असलेली. जूनमध्ये ती सईला जवळ करते. शेजारी बसवते, वाढदिवसाला बोलावते. "तू माझी बेस्ट फ्रेंड" असं वहीच्या मागच्या पानावर लिहून देते. सई हरखते. या वयात मैत्री म्हणजे गुपितांची देवाणघेवाण, त्यामुळे सई सांगते. बाबांची नोकरी गेल्याचं, पाळी कधी आली ते, दहावीतल्या कुणाकडे तिचं लक्ष जातं ते. रेवाही सांगते, पण तिच्याकडून येणाऱ्या गोष्टी बहुतेक तिसऱ्याच कुणाच्या तरी असतात. हिशेब इथेच बिघडलेला असतो, सईला तो दिसत नाही.

ऑगस्टमध्ये कधीतरी रेवा एक दिवस बोलत नाही. का, ते सांगत नाही. सई विचारते, "काय झालं?" उत्तर येतं, "कुठे काय?" दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत, उलट जास्तच गोड. मग चारचौघींत सईच्या केसांवर, डब्यावर, इंग्रजी उच्चारांवर शेरा येतो. सईचा चेहरा पडला की लगेच, "अगं, मस्करी केली, किती मनाला लावून घेतेस!" एकटीत पुन्हा, "मी तुझ्या भल्यासाठी सांगते, बाकीच्या तुझ्याबद्दल काय काय बोलतात तुला माहीत नाही." शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. त्याने सईला बाकी सगळ्यांची भीती वाटू लागते आणि रेवा हा एकच आधार उरतो. कान भरणारीच वकील होऊन बसते.

दिवाळीनंतर एक नवा ग्रुप निघतो, त्यात सई सोडून सगळ्या. जुना ग्रुप चालूच ठेवतात, फक्त त्यावर कुणी लिहीत नाही. सईने काही टाकलं की सगळ्यांच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. मग एखादी 'हितचिंतक' तिला फोन करते, रेवाबद्दल दोन वाईट शब्द तिच्या तोंडून काढून घेते, आणि त्या फोनवर रेवा गुपचूप ऐकत असते. ते दोन शब्द पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून फिरतात. स्क्रीनशॉट नावाची वस्तू आल्यापासून तर चहाडी कागदोपत्री झाली आहे.

यात रेवाने एकदाही हात उचललेला नाही, शिवी दिलेली नाही. हत्यार एकच आणि ते म्हणजे मैत्री. ती द्यायची, काढून घ्यायची, पुन्हा द्यायची आणि पुन्हा काढून घ्यायची धमकी द्यायची.

शास्त्रज्ञांच्या हे उशिराच ध्यानात आलं. आक्रमकपणाचा अभ्यास बरीच वर्षं ठोसे आणि लाथा मोजून होत असे, त्यात मुली साहजिकच सुशील ठरत. १९८८ मध्ये फिनलंडमधल्या किर्स्ती लागरस्पेट्झ, काय ब्यर्कविस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना विचारलं की, तुमच्या वर्गातली अमुक मुलगी चिडली की काय करते? उत्तरं आली, पाठीमागे बोलते, सूड म्हणून दुसरीशी मैत्री करते, इतरांना तिच्याविरुद्ध फितवते. १९९५ मध्ये अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी याच प्रकाराला नात्यांमधली आक्रमकता असं स्वतंत्र नाव दिलं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "बायकांची जातच अशी" हे आजीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे म्हणतात, ते खरं नाही. २००८ मध्ये नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांची एकत्र तपासणी केली. उघड मारामारीत मुलगे बरेच पुढे होते, पण आडून छळण्यात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला. मुलगेही वाळीत टाकतात, अफवा पसरवतात. फरक असा की त्यांना दुसरी वाटही मोकळी असते. मुलीला लहानपणापासून सांगितलेलं असतं, आवाज चढवू नको, उलट बोलू नको, चारचौघांत शोभा करू नको. राग तर तिलाही येतो. तो समोरच्या दाराने जाऊ दिला नाही की परसदाराने जातो. मुलींची मैत्री अनेकदा दोघी-तिघींची आणि फार जवळची असते, त्यामुळे तिथला घावही खोल जातो.

खोल म्हणजे किती? किप्लिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाची एक साधी युक्ती आहे. संगणकावर तिघांनी चेंडू झेलायचा खेळ. त्यातला एकच खरा माणूस, बाकी दोघे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे. थोडा वेळ चेंडू तिघांत फिरतो, मग दोघे आपापसातच टाकू लागतात. एवढंच. चार-पाच मिनिटांचा, कवडीचंही मोल नसलेला खेळ. तरी माणसं खट्टू होतात, आपण नकोसे आहोत असं त्यांना वाटू लागतं. २००४ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तर समोर माणूस नाही, संगणक आहे, हे आधी सांगूनही तसंच झालं. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी हा खेळ चालू असताना मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा शारीरिक वेदनेशी संबंध असलेला एक भाग जास्त सक्रिय दिसला. त्याचा अर्थ नेमका काय लावायचा यावर पुढे बरेच वाद झाले, म्हणून "मेंदूला दोन्ही सारखंच" असं छातीठोक म्हणू नये. आपल्या विषयाला जास्त जवळचा अभ्यास २०१० चा, इंग्लंडमधला. सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटाने हाच खेळ किशोरवयीन मुलींना आणि मोठ्या बायकांना खेळायला दिला. वगळल्यावर मुलींची मनःस्थिती बायकांपेक्षा जास्त खालावली.

म्हणजे "एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं" असं चाळिशीतली आई म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिच्यासाठी ती गोष्ट खरंच एवढीशी असते.

मग सई रेवाला सोडत का नाही? पालक हा प्रश्न हटकून विचारतात, थोड्या वैतागाने. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतल्या कबुतरांकडे उत्तराचा एक धागा मिळतो. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, आणि कधी मिळेल याचा नेम नाही असं असेल, तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. रेवा रोज वाईट वागली असती तर सई केव्हाच निघून गेली असती. मंगळवारच्या अबोल्यानंतर बुधवारी रेवा गळ्यात हात टाकते, तिथे ती अडकते. शिवाय तिची गुपितं तिकडे गहाण पडलेली असतात. आणि जायचं कुठे? नोव्हेंबरात वर्गातले सगळे गट ठरून गेलेले असतात.

आता बाकीच्यांकडे वळू. मला सर्वांत जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

क्रिस्तिना साल्मिव्हाल्ली यांनी फिनलंडमध्ये १९९६ मध्ये वर्गातल्या छळाचा नकाशाच काढला. छळणारी आणि छळ सोसणारी यांच्या भोवती आणखी चार भूमिका त्यांना आढळल्या. मदतनीस, हसून चेतवणाऱ्या, बाजू घेणाऱ्या आणि आपण त्यातल्या नाहीच असं दाखवणाऱ्या. कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांच्या गटाने प्राथमिक शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण केलं. छळ चालू असतानाच्या एकूण वेळापैकी ५४ टक्के वेळ बाकीची मुलं नुसती बघत होती, २१ टक्के वेळ स्वतःही सामील होत होती आणि २५ टक्के वेळ मधे पडत होती. नुसतं बघणं म्हणजे तटस्थ राहणं असं आपण समजतो. छळणाऱ्याला मात्र ते प्रेक्षक वाटतात, आणि प्रेक्षक असले की खेळ रंगतो. याच गटाचा २००१ चा निष्कर्ष मी दर जूनमध्ये माझ्या वर्गाला सांगते. एखाद्या मुलाने मधे तोंड घातलं, तर निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! हजेरीत इतक्या वेळात पाच नावंही होत नाहीत.

मग कुणी तोंड का घालत नाही? कारण प्रत्येकीला वाटतं की बाकीच्यांना हे पटलेलं आहे. एकेकीला बाजूला घेऊन विचारा, "मला नाही आवडत बाई, पण सगळ्यांचंच तसं म्हणणं आहे" हे उत्तर सहा जणी देतील. त्या 'सगळ्या' म्हणजे कोण, ते कधीच सापडत नाही. दुसरं कारण उघड आहे. आज सईची पाळी आहे तोवर माझी नाही.

हे मला पुस्तकांतून कळलेलं नाही. सातवीत असताना आमच्या वर्गात नव्या आलेल्या एका मुलीशी आम्ही वर्षभर बोललो नाही. कारण काय होतं ते मला आजही आठवत नाही, आणि तीच गोष्ट सर्वांत वाईट आहे. मी म्होरकी नव्हते. मी फक्त माझं दप्तर बाकावर शेजारी ठेवत असे, ती बसू नये म्हणून. रोज सकाळी, प्रार्थनेआधी.

मोठ्यांनी काय करावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. ती बहुतेक हात पोळून झालेली आहेत.

दोघींना समोरासमोर बसवून "चला, हात मिळवा, एकमेकींची माफी मागा" हे आम्हा शिक्षकांचं आवडतं औषध. कट्टीवर ते चालतं. वाळीत टाकण्यावर ते उलटतं, कारण त्यात दोघी सारख्याच चुकल्या असं गृहीत धरलेलं असतं. सई कशाची माफी मागणार? शिवाय बाईंसमोर रेवा इतकी गोड वागते की शेवटी सईच भांडकुदळ ठरते. आणि बाहेर पडल्यावर, "काय गं, चोंबडेपणा केलास होय?"

आईने तडक रेवाच्या आईला फोन लावणंही बहुधा वाया जातं. दोन आयांचं भांडण होतं, मुलीचा प्रश्न तिथेच राहतो. आधी ऐकावं. पूर्ण, मधे सल्ला न घुसवता. "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळावं. मग तारखा, प्रसंग, स्क्रीनशॉट नीट जपून ठेवावेत आणि वर्गशिक्षिकेकडे जावं. "माझ्या मुलीला त्रास देतात" असं म्हटलं की आम्ही मान हलवतो. "गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा गटकार्यात तिला कुणी घेतलं नाही" असं सांगितलं की आम्हाला काहीतरी करावं लागतं.

करता येण्यासारखं बरंच असतं. 'आपापले गट करा' ही वाळीत टाकण्याची सरकारी परवानगीच आहे. मी ती देणं बंद केलं. प्रकल्प असो, सहलीच्या बसमधली जागा असो की गॅदरिंगचा नाच, चिठ्ठ्या टाकते. बाकं दर पंधरा दिवसांनी बदलते. फिनलंडमधल्या कीवा कार्यक्रमातली एक गोष्ट मला फार पटली. हे नाव 'छळाविरुद्ध' अशा अर्थाच्या फिनिश शब्दांतून जुळवलेलं आहे, आणि त्या भाषेत कीवा म्हणजे छानसुद्धा. तिथे शिक्षक वर्गातल्या दोन-चार वजनदार पण समंजस मुलांना बाजूला घेऊन विचारतात, अमुकला सध्या जड जातंय, तुम्ही काय करू शकाल? उपदेश करत नाहीत, मदत मागतात. आमच्याकडे एकदा कबड्डीच्या कॅप्टनला मी हेच विचारलं होतं. तिने फार काही केलं नाही. डब्याच्या वेळी "ए, इकडे ये, लोणचं आण" असं ओरडली. पुरलं तेवढं.

सईसाठी दहा मैत्रिणी शोधायची गरज नसते. अर्नेस्ट हॉजेस आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसलं होतं की एक जिवाभावाचा मित्र असला, तरी छळाचं दुष्टचक्र बरंच रोखलं जातं. ती एक जण वर्गातलीच हवी असंही नाही. खो-खोच्या संघातली, कथकच्या क्लासमधली, चाळीतली किंवा मामेबहीण चालते. कुठेतरी एका गोलात तिच्यासाठी मांडी आवरली जाते, एवढं तिला ठाऊक हवं.

जेवण-झोप उडाली, शाळेच्या नावाने रोज पोटात दुखू लागलं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही कानावर आलं, तर मात्र वाट पाहू नये. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासनाचा आदेश आहे. आपल्या शाळेत ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे पालकसभेत विचारायला लाजू नये. मुलीचे अश्लील किंवा तसे बनवलेले फोटो फिरत असतील तर तो विषय मैत्रीचा उरलाच नाही. तो पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातला गुन्हा आहे, फिरवणारी मुलगी असली तरी.

आणि तुमची मुलगी रेवा असली तर? माझ्याकडे सईच्या आया येतात, रेवाच्या कधीच येत नाहीत. "आमची तशी नाही" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. पण वर्गात एक सई असेल, तर एक रेवा आणि पाच दप्तर ठेवणाऱ्या असणारच. त्या कुणाच्या तरी घरी जेवतातच ना. आणि सत्ता अशी चालवायची असते हे त्या कुठे शिकतात? सोसायटीच्या ग्रुपमधून कुणाला कसं काढलं ते आपण फोनवर हसत सांगतो, भिशीत कुणाला मुद्दाम बोलावलं नाही ते सांगतो, तेव्हा शेजारी अभ्यासाला बसलेली पोर डोकं वर करत नाही. ऐकत असते. अशा मुलीला झोडपून काही होत नाही. रेवा बहुधा धास्तावलेली असते, आपलं स्थान गेलं तर आपणच वाळीत, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. तिला थेट विचारावं, "तुमच्या गोलात सध्या कोण नाही? का नाही?" उत्तराची घाई करू नये.

आमच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप गेल्या वर्षी झाला. एकेकीला शोधून काढलं, कुणी दुबईला, कुणी इचलकरंजीला, एकूण एक्केचाळीस जणी. त्या नव्या मुलीचा विषय आठवडाभर कुणीच काढला नाही, मीही नाही. शेवटी काढला तो त्या वेळच्या आमच्या म्होरकीने, रात्री साडेअकराला. "ती सातवीत आली होती ना, तिचा नंबर आहे का कुणाकडे?" चाळीस निळ्या खुणा उमटल्या. नंबर कुणाकडेच नव्हता.